न लवणारी फळी

फळी लवते, असं मास्तरचं म्हणणं होतं. उठता बसता तेच. जेवताना फळी, दाढी करताना फळी, झोपायला आडवा झाला तरी भिंतीकडे तोंड करून फळी. एक दिवस बायको म्हणाली, "इतकं कधी माझ्याबद्दल बोलला असतात ना, तर संसाराचं सोनं झालं असतं." मास्तरने ते ऐकलंच नाही. तो मनातल्या मनात फळीशी भांडत होता.

आता ही फळी म्हणजे काय ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस घरात कपाटं बनवत होता. मास्तर गिटार वाजवायचा. शाळेचा नि त्याचा काही संबंध नव्हता. घरी चार जणांना गिटार शिकवायचा म्हणून ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी त्याला मास्तर करून टाकलं होतं. विजेच्या गिटारचा आवाज बदलायला पायाने दाबायच्या डब्या असतात. एक आवाज घुमवते, एक खरखरीत करते, एक नुसता मोठा करते. त्यांना पेडल म्हणतात. सुट्या ठेवल्या तर स्टेजवर त्या पायाखालून सटकतात, म्हणून त्या एका फळीवर चिकटवून टाकतात, खालून वायरी फिरवतात, आणि ती फळी गिटारवाल्याच्या पायाशी ठेवतात. दोन्ही हात गिटारमध्ये अडकलेले, तेव्हा चवड्याने खटकन दाबायचं. इतकंच. पण ते 'इतकंच' बरोबर वेळेला झालं नाही, तर चांगला वाजवणारा माणूसही लग्नातल्या बँडच्या मागे चुकून आल्यासारखा वाटतो.

आणि मास्तरचं नेमकं तेच होत होतं. गाणं मध्यावर यायचं, गाणारी ताई बाजूला व्हायची, मास्तरचा एकट्याचा तुकडा सुरू व्हायचा. मास्तर पाय टेकायचा. आवाज मोठा नाही, घुमणं नाही, काही नाही. स्वयंपाकघरातून कोणीतरी वाजवतंय तसा कोरडा आवाज. मग दोनचार स्वर गेले की एकदम सगळं यायचं, आवाज भरायचा, घुमायचा, हॉल भरून जायचा. यायचं, पण उशिरा यायचं.

"फळी लवते," मास्तर म्हणायचा. "मी दाबतो, फळी खाली जाते, डबी दबतच नाही. फळी सावरली की मग पकडते."

पटण्यासारखं होतं. त्याची फळी होतीही तशीच. सुरुवातीची अनेक वर्षं तो डब्या पिशवीतून न्यायचा आणि स्टेजला चिकटपट्टीने चिकटवायचा. मग जुन्या कपाटाचं दार निघालं, त्याची प्लायवूडची फळी केली, वर जुन्या गालिच्याची पट्टी मारली. ती पावसापाण्यात फुगली. मग एक पातळ ॲल्युमिनियमची घेतली, फॅशनेबल, चार आडव्या पट्ट्या आणि मध्ये फटी. तिच्यावर मास्तर इतका जोरात पाय मारायचा की तिचा एक कोपरा खाली बसला होता. घरी मात्र ती नीट चालायची. पलंगावर बसून, समोर फळी ठेवून मास्तर एकेक डबी दाबून बघायचा, सगळ्यांचे बारके दिवे खटाखट पेटायचे. त्यामुळे त्याची खात्रीच झाली. बसल्यावर अंगाचा भार पडत नाही, उभं राहिलं की पडतो, म्हणजे दोष फळीचाच.

हे सगळं एरवी चालून गेलं असतं. पण ऑर्केस्ट्राला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं होतं. पूर्ण हंगाम, रोज संध्याकाळी, एकाच जागी. रोज नवं गाव नाही, टेम्पोत कोंबून घेणं नाही, सामान उचलून तीन जिने चढणं नाही. साठीला टेकलेल्या माणसाला दुसरं काय पाहिजे? मास्तरची कंबर गेली होती, गुडघे कुरकुरत होते, मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. हे काम आपल्याकडे राहिलं तर अजून काही वर्षं वाजवू, नाहीतर गिटार खुंटीला, असं त्याने स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं. वाजवण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं. बायको म्हणायची, यांना साधा बल्ब बदलता येत नाही, आणि ते खरं होतं.

ऑर्केस्ट्राचा प्रमुख कप्तान. ड्रम वाजवायचा, बुकिंग घ्यायचा, सगळ्यांवर ओरडायचा. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्याला एक मेहुणा होता आणि तो मेहुणा गिटार वाजवायचा. बायकोचा भाऊ गिटार वाजवत असला की काय होतं ते संसारी माणसाला सांगायला नको. कप्तानने एकदा मास्तरला बाजूला घेतलं.

"मास्तर, राग मानू नकोस. हल्ली तुझा तुकडा उशिरा पेटतो."

"फळी लवते रे."

"मग फळी बदल. शनिवारी त्या कंपनीचा कार्यक्रम आहे, दुपारचा. तेवढा ऐकतो आणि हॉटेलचं काय ते सांगतो. घरी माझं डोकं खाल्लंय सगळ्यांनी."

म्हणून मास्तर फळी घ्यायला निघाला, आणि बायको बरोबर निघाली. तिला संगीताच्या दुकानात काडीचा रस नव्हता. पण हल्ली ती त्याला एकट्याला सोडत नसे, कारण मास्तरच्या पायातली चप्पल निघून जायची आणि त्याला पत्ता नसायचा. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून तो एकच चप्पल घालून घरी आला होता. उजवा पाय अनवाणी, आणि साहेब आरामात दूध ओट्यावर ठेवतायत. शेजारीपाजारी हसले, बायकोही हसली. मग हसू थांबल्यावर म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या." मास्तर म्हणाला, "चप्पल सैल झालीय." फळी लवते आणि चप्पल सैल होते. मास्तरचं स्वतःचं असं काही बिघडतच नव्हतं.

दुकान एका जिन्याखाली होतं, लांबट, बोळासारखं. भिंतीभर गिटारी टांगलेल्या. दुकान चालवणारी बाई चांगली धिप्पाड, गळ्यात चष्मा, आवाज बसलेला. मास्तरने तिला सांगितलं, "मजबूत फळी पाहिजे. अजिबात लवायला नको."

"वाजवता कुठे? घरी की स्टेजवर?"

"स्टेजवर. उभ्याने."

"मग बघा." तिने आधी एक लाकडी काढली, जाड प्लायवूडची, कडेला पितळी कोपरे. छान होती, पेटीसारखी. मास्तरने तिच्यावर एक रिकामी डबी ठेवली आणि पाय मारला. दाणकन.

"लवते," मास्तर म्हणाला.

बाईने चष्मा डोळ्याला लावला. खाली वाकून फळीकडे बघितलं. "ही? ही नाही लवत हो."

"मला कळतं ना पायाला. खटका लागतच नाही."

मग तिने ॲल्युमिनियमची जाड काढली, खाली आडवे दांडे असलेली. पुन्हा दाणकन. पुन्हा लवते. मास्तरच्या कपाळावर घाम आला होता. बायको स्टुलावर बसून पर्स मांडीवर धरून बघत होती. तिने फळीकडे बघणं सोडून दिलं होतं. ती नवऱ्याच्या पायाकडे बघत होती.

"थांबा," दुकानवाली म्हणाली. आतून ती एक पोलादी फळी घेऊन आली. घेऊन आली म्हणजे ओढत आणली. जोडलेली नव्हे, एकसंध वाकवलेला पत्रा, आणि तोही बोटाएवढा नसला तरी चांगला जाड, खाली रबरी पाय, वरून काळा रंग. तिने ती जमिनीवर टेकवली आणि पदर खोचून स्वतःच तिच्यावर चढून उभी राहिली.

"मी काही फूल नाही," ती म्हणाली. "हलली का? बघा, उडी मारू?"

"नको नको," मास्तर घाबरून म्हणाला.

ती उतरली. मास्तरने पाय मारला. त्याला काहीच कळलं नाही. ना खटका, ना लवणं, ना काही. पण ही लवते म्हणायला आता तोंड नव्हतं, एक अख्खी बाई त्याच्यासमोर तिच्यावर नाचायला तयार झाली होती. त्याने दुसऱ्यांदा पाय मारला, तिसऱ्यांदा मारला. थकून गेला. शेवटी म्हणाला, "हीच द्या."

"वजन बघा आधी उचलून," दुकानवालीने सांगितलं. "लोक मजबूत मजबूत म्हणून नेतात आणि महिन्याभरात परत आणतात. मजबूत पाहिजे तर जड घ्यावी लागते, दोन्ही हट्ट नाही पुरत. तुमच्या वयाला मी लाकडी सांगेन. आणि एवढ्या जोराने दाबायचं कशाला? डबीला बोट लावलं तरी पुरतं."

"हीच द्या," मास्तर म्हणाला.

ती फळी त्या दोघांनी दोन बाजूंनी धरून घरी आणली. चार पावलं चालायची, खाली ठेवायची, श्वास घ्यायचा. म्हातारपणी नवरा-बायकोंनी हातात हात घालून चालावं म्हणतात. यांच्या हातात हा पत्रा. बायकोच्या तळहाताला वळ उठले. "अहो, स्टेजवर कोण उचलणार ही?" तिने विचारलं. मास्तर म्हणाला, "हॉटेलात एकदा ठेवली की हंगामभर हलवायचीच नाही." आणि ते म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला की तिने पुढचं गिळून टाकलं.

शनिवारी दुपारी कंपनीच्या हॉलमध्ये सामान लागलं. मोठा हॉल, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, पलीकडच्या टोकाला आवाजाचं टेबल. त्या टेबलावर बसायचा मिक्सर. त्याचंही खरं नाव कोणी घेत नसे. हडकुळा, अबोल, कायम अर्धा चहा हातात. मास्तरचा आणि त्याचा स्नेह फार जुना. दोघांनी एका ताटात जेवून एका गादीवर झोपून प्रवास केलेले. पण हॉटेलच्या कामावर मिक्सर येणार नव्हता. हॉटेलची स्वतःची यंत्रणा होती, स्वतःचा माणूस होता. "मला काय," मिक्सर म्हणाला होता, "मी घरी झोपा काढीन." म्हणाला होता, पण मास्तरकडे बघितलं नव्हतं.

मास्तरने पोलादी फळी पायाशी मांडली. डब्या चिकटवल्या, वायरी जोडल्या. बाकीचे चहाला गेले होते. कप्तान बाहेर फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मिक्सर टेबलापाशी नव्हता. कसलीशी वायर आणायला गाडीपर्यंत गेला होता, पण यंत्र चालू होतं, स्पीकरमधून आवाज येत होता. मास्तरला वाटलं, बरं झालं, कोणी नाही तोवर एकदा वाजवून बघू.

तो सरळ उभा राहिला. मास्तरचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान: पायाकडे बघून वाजवायचं नाही. खाली बघतो तो शिकाऊ. शिकवणीला येणाऱ्यांना तो हेच सांगायचा, पायाला डोळे असतात. त्याने समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, ताईचं गाणं मनात म्हटलं, आणि जागा आली तसा पाय टेकवला. चांगला जोर लावून.

कोरडा आवाज.

ठीक आहे, मास्तरला वाटलं, येईल. दोन स्वर गेले. चार गेले. आठ गेले. काही आलं नाही. त्याने परत पाय मारला, आणि वाजवत राहिला. कोरडाच. आजवर उशिरा का होईना येत होतं. आज येतच नव्हतं. तीही या फळीवर, जिच्यावर एक धिप्पाड बाई उभी राहून गेली! मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तिसऱ्यांदा पाय हाणला, आणि मग, वैतागून, आयुष्यात पहिल्यांदा गाण्याच्या मध्यावर खाली बघितलं.

त्याचा बूट दोन डब्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावर होता. चांगला ऐसपैस टेकलेला. डबी वीतभर लांब राहिली होती. आणि मास्तरने शपथ घेऊन सांगितलं असतं की त्याने डबी दाबलीय.

त्याने पाय हलवला. डोळ्यांनी दिसलं म्हणून हलला हे कळलं. डोळे मिटले. पाय कुठे आहे ते कळेना. बोटं मात्र सवयीने वाजवतच होती, ती थांबली नव्हती. त्याने पाय उचलला आणि तसाच हवेत धरून उभा राहिला, कुठे ठेवावा ते सुचेना.

आणि तेवढ्यात आवाज भरला. मोठा झाला, घुमला, हॉलच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

मास्तरचा पाय हवेत होता.

त्याने वर बघितलं. पलीकडच्या टोकाला मिक्सर धावत आलेला, धापा टाकत टेबलावर वाकलेला, खांद्यावर वायरीचं वेटोळं, आणि एक हात टेबलावरच्या, गिटारचा आवाज तिथूनच वाढवणाऱ्या नि घुमवणाऱ्या बटणावर. सवयीने आला आणि सवयीने बटण वर सरकवलं. मग त्याने मान वर केली, आणि त्याला एका पायावर उभा असलेला मास्तर दिसला. मिक्सरचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा पडला.

मास्तर वाजवायचा थांबला. गिटार काढून ठेवली आणि रिकाम्या खुर्च्यांमधून चालत टेबलापर्यंत गेला. हे चालणंही आता त्याला नवीन वाटत होतं, प्रत्येक पावलाला तो खाली बघत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मिक्सरने थंड चहाचा घोट घेतला. "मागच्या थंडीपासून. एखाद्याच वेळी व्हायचं आधी. हल्ली रोज होतं."

"म्हणजे मी दाबत नव्हतो."

"कधी दाबायचास. कधी बाजूला पडायचा पाय. मी आधी ऐकायचो, तुझं आलं तर गप्प बसायचो. नाही आलं तर मी सरकवायचो. म्हणून उशीर व्हायचा रे. मला ऐकावं लागायचं ना."

"आणि मी फळ्या बदलत बसलो!" मास्तर ओरडला. ओरडून लगेच खुर्चीवर बसला, एवढ्यानेही दम लागला. "गाढवासारखा तो पत्रा वाहून आणला बायकोला घेऊन. एका शब्दाने बोलला नाहीस?"

"काय बोलू? तुझा पाय गेलाय म्हणू? तू खाली बघून वाजवायला लागला असतास. भ्यायला असतास. तुझ्या हातांना अजून काही झालेलं नाही, मास्तर. मी म्हटलं, जोवर हात आहेत तोवर पाय मी होतो. त्यात काय एवढं."

मास्तरला रडूच आलं. मोठ्या माणसाला येतं तसं नाही, सरळ लहान मुलासारखं. मिक्सर घाबरला, इकडेतिकडे बघायला लागला, आणि शेवटी खांद्यावरचं वेटोळं काढून नीट गुंडाळायला लागला, मुळात ते गुंडाळलेलंच होतं.

मग मास्तरने घरी फोन लावला. "अगं, माझ्या पायाला काही कळत नाही."

"मला माहितीये," बायको म्हणाली. "दुकानात बघितलं मी. ती बाई तुमच्या बुटाच्या टोकावर पाय देऊन उतरली. तुम्ही हललाही नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकणार होतात का? फळी मिळेपर्यंत तुम्ही कुणाचं ऐकणार नव्हतात. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय, मी नंबर लावून ठेवलाय. आज वाजवून या. बूट काढून एकदा तळवा बघा, काही लागलंय का."

त्याने बूट काढला. तळवा मिक्सरने बघितला, कारण मास्तरला कंबर वाकवून दिसेना. लागलेलं काही नव्हतं. दोघांनी सुटकेचा श्वास टाकला.

"आज मी आहे," मिक्सर म्हणाला. "आजचं निभावून नेऊ. कप्तानला काही कळणार नाही. मी आता वाट बघत बसणार नाही, तू नुसती मान हलव, मी सरकवतो. हॉटेलचं काम हातात पडू दे. पुढचं पुढे. बसून वाजव, खाली बघून वाजव, काहीतरी निघेल."

"बसलेला माणूस हॉटेलवाल्यांना चालत नाही. नाचाचा कार्यक्रम आहे. कप्तानने आधीच सांगितलंय. आणि खाली बघून पाय नेईपर्यंत जागा निघून जाते."

"आधी मिळू तर दे," मिक्सर म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरला होता, कंपनीची माणसं, त्यांच्या बायका, पोरं. सुरू होण्याआधी मास्तरने एक काम केलं. फळीतून येणारी वायर काढली आणि गिटारची वायर सरळ मिक्सरकडे जाणाऱ्या खोक्यात खोचली. फळी पायाशी तशीच ठेवली, लोकांना दिसायला. मग ताई गायली, बाजूला झाली, आणि मास्तरचा तुकडा आला. त्याने पाय हलवला नाही. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, तोल सांभाळून, त्याने हॉलच्या त्या टोकाला बघितलं आणि मान हलवली.

पहिल्या स्वराला आवाज भरला. एका क्षणाचाही उशीर नाही. मास्तरने त्या दिवशी जे वाजवलं ते किती चांगलं होतं हे सांगायला मी कोण, पण ताई माईक धरायचा विसरून त्याच्याकडे बघत होती, आणि मागून कप्तानने ड्रमवर एक जास्तीची थाप मारली, जी तो फक्त मनापासून खूश असला की मारायचा. वर्षभर फळीवर, पायावर, उशिरावर खर्च झालेलं लक्ष त्या दिवशी सगळंच्या सगळं बोटांत होतं. मास्तरला थकवा आठवलाही नाही. पुढच्या गाण्यालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही तसंच.

शेवटी टाळ्या झाल्या, माणसं उठली, पोरं स्टेजच्या कडेला नाचायला लागली. कप्तान घामाने भिजलेला, ड्रममागून उठून आला आणि मास्तरच्या पाठीवर अशी थाप दिली की मास्तर झोकांडला.

"बघ! बघ! म्हणत होतो ना मी? फळी बदल म्हटलं, बदललीस, सुटला प्रश्न! आज एक स्वर उशिरा नाही. वा! मेहुण्याला मी सांगतो काय सांगायचं ते. घरी चार दिवस उपाशी राहायला लागलं तरी चालेल. हॉटेलला तू. ठरलं."

मास्तरने काही बोलायच्या आधी पलीकडे बघितलं. मिक्सर टेबलामागून त्याच्याकडेच बघत होता आणि मान जोरजोरात हलवत होता. नाही, नाही, बोलू नकोस. त्याचे ओठ हलत होते. आधी मिळू दे.

मास्तरला ते काम हवं होतं. खोटं कशाला सांगा, त्याला ते फार हवं होतं. रोज एकाच जागी, संध्याकाळी घरी, बायकोच्या हाताला वळ नाहीत. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. आणि मग हॉटेलात पहिल्या संध्याकाळी, पहिल्या तुकड्याला, तिकडचा परका माणूस टेबलावर बसलेला, मास्तरने पाय टेकवायचा, आणि काहीच यायचं नाही. उशिरासुद्धा नाही. आणि मागे बसलेल्या कप्तानने, ज्याने याच्यासाठी घरी भांडण ओढवून घेतलं, ते सगळ्यांसमोर ऐकायचं.

"कप्तान," मास्तर म्हणाला, "खाली बघ."

कप्तानने हसत हसत खाली बघितलं. पोलादी फळीवर चार डब्या ओळीने बसल्या होत्या. एकीचाही दिवा लागलेला नव्हता. कडेला सुटी वायर लोंबत होती.

"ही बंद आहे," मास्तर म्हणाला. "आज मी हिला पायच लावला नाही. माझा उजवा पाय गेलाय रे. वर्षभर माझ्या पायाचं काम मिक्सर करत होता. हॉटेलात तो नसणार. तू मेहुण्याला घे."

कप्तानचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने एकदा मिक्सरकडे बघितलं, एकदा त्या वायरीकडे. मग तो, एवढा दांडगा माणूस, स्टेजच्या कडेला बसला आणि मास्तरचा हात धरून त्यालाही शेजारी बसवलं. "बरं, घेतो त्याला," तो म्हणाला, पण मास्तरचा हात सोडला नाही. समोर कामगार खुर्च्या एकात एक घालून रचत होते.